ओळंबामामाची वाकडी रायफल

नेमबाजी क्लबच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली आहे. तिथे रायफली दुरुस्त करणारा मिस्त्री बसतो. त्याचं खरं नाव हजेरीपटावर असेल तर असेल, क्लबात त्याला सगळे ओळंबा म्हणतात. तोंडावर ओळंबामामा आणि पाठ फिरली की नुसता ओळंबा. या माणसाला जगातली एकच गोष्ट सहन होत नाही, ती म्हणजे वाकडेपणा. भिंतीवरचं घड्याळ म्हणू नका, दाराची चौकट म्हणू नका, टपरीवरचं टेबल म्हणू नका, तो काही म्हणून सोडत नाही. खिशात बोटाएवढी पाणसळ असते. ती काढायची, ठेवायची, आतला बुडबुडा कुठे सरकतो ते बघायचं, आणि मग समोरच्याला त्याच्याच टेबलाचा दोष समजावून सांगायचा. कुणाकडे जेवायला गेला तर ताट यायच्या आधी टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारतो. बायको सांगते की लग्नाच्या फोटोतसुद्धा हे माझ्याकडे बघत नाहीयेत, मागचा पडदा तिरका लागलाय त्याच्याकडे बघतायत. खोटं वाटत असेल तर तिच्याकडे फोटो आहे.

पण हात सोन्याचे, हे त्याच्या वैऱ्यानेही कबूल करावं. अचूक नेमाच्या रायफलीला आता लाकडी दस्ता नसतो, ॲल्युमिनियमची चासी, म्हणजे सांगाडा, असतो, आणि नळी नि तिच्या मागची यंत्रणा त्या चासीत बसवायची असते. बघणाऱ्याला वाटतं, ठेवलं नि दोन स्क्रू आवळले, त्यात काय मोठंसं! ओळंबासमोर असं कुणी बोललं तर त्या दिवशी त्याची बस चुकलीच म्हणून समजा. यंत्रणेच्या पोटाला एक जाड दात असतो. गोळी सुटली की मागे येणारा सगळा धक्का तो दात घेतो. तो चासीतल्या खाचेच्या मागच्या भिंतीला घट्ट टेकलेला हवा. केसाएवढी फट राहिली तरी प्रत्येक गोळीला बैठक सरकते. म्हणून आधी खाच फडक्याने पुसायची, मग रायफल मागच्या टोकावर उभी करायची, नळी वर. तळव्याने दोन हलक्या थापा द्यायच्या, की दात आपल्या वजनाने मागे जाऊन टेकतो. मग पुढचा स्क्रू अर्धा फेरा, मागचा अर्धा फेरा, असं आळीपाळीने. शेवटी टॉर्क पाना, जो ठरलेल्या जोराला कट् असा आवाज करतो. त्या आवाजाला ओळंबा दर वेळी मान हलवतो, एखाद्याने बरोबर उत्तर दिल्यासारखी.

बैठक झाली की सरळपणा. रायफल शिकंज्यात धरून तिच्या पाठीवर पाणसळ ठेवायची, बुडबुडा मधोमध आणायचा. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर काळ्या दोऱ्याचा ओळंबा टांगलेला असतो. त्याचं वजन पाण्याच्या बादलीत बुडवलेलं, म्हणजे दोरा झुलत नाही. रायफलीवरच्या दुर्बिणीतून बघत ती आतल्या फुलीसकट फिरवायची, उभी रेघ दोऱ्यावर तंतोतंत आली की दुर्बीण धरून ठेवणारी कडी आवळायची. आणि सगळ्यात शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून कडीवर उतरणारी नेलपॉलिशची एक बारीक लाल रेघ ओढायची. स्क्रू जरा जरी हलला तरी रेघ तुटते आणि चोरी पकडली जाते. नेलपॉलिश बायकोचं. रंग भडक म्हणून तिने कधीकाळी टाकून दिलेली बाटली हा अजून पुरवतोय.

त्या गुरुवारी त्याच्या शिकंज्यात त्याच्या भाचीची रायफल होती. ही त्याच्या बहिणीची मुलगी. अकराव्या वर्षी त्याच्याकडे राहायला आली ती घरचीच झाली. आता एकतिशीची आहे, तरी मामा तिला ठकूच म्हणतो. पहिली रायफल तिच्या हातात त्यानेच दिली. रविवारी संघाची निवड होती. पालथं पडून तीनशे मीटरवर साठ गोळ्या, नऊ जण उतरणार, चौघं घेणार. गेल्या वर्षी ठकूचं नाव गळलं होतं. या वर्षीही गळलं तर एकतिशीच्या बाईला तिसऱ्यांदा कोणी बोलावत नाही, हे क्लबच्या माळ्यालाही माहीत होतं. वीस वर्षांची मेहनत रविवारच्या साठ गोळ्यांत मोजली जाणार होती.

गेल्या वर्षी नाव का गळलं, तर खांदा. दीड वर्षापूर्वी ओळंबा स्कूटर चालवत होता, ठकू मागे बसली होती. स्कूटर खड्ड्यात गेली. त्याला खरचटण्यावर भागलं, तिच्या गळ्याखालच्या उजव्या हाडाचे दोन तुकडे झाले. कुत्रं आडवं आलं, असं त्याने डॉक्टरला सांगितलं, बायकोला सांगितलं, बहिणीला फोनवर रडत सांगितलं. तेव्हापासून स्कूटर जिन्याखाली चादर पांघरून उभी आहे आणि हा बसने येतो-जातो. हाड जुळलं. आता कसं आहे, असं त्याने विचारलं की ठकू हात गोल फिरवून दाखवते आणि म्हणते, एकदम नवं.

मग गोळ्या का चुकतात? पहिल्या वीस झकास, पुढे जरा इकडेतिकडे, आणि चाळिसाव्यानंतर भोकं उजवीकडे खाली, उजवीकडे खाली. दुसऱ्या कुणाचा असा कागद आला असता तर ओळंबाने चष्मासुद्धा न लावता सांगितलं असतं, की बाबा, तुझी बंदूक उजवीकडे कलतेय. पण स्वतःच्या भाचीचा कागद बघून हा शहाणा बैठकीत दोष शोधत बसला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तीन वेळा त्याने ती रायफल चासीतून उचलली, पुसली, परत बसवली. दात टेकलेला, पाना कट् वाजलेला, सगळं जिथल्या तिथे. दोष सापडला तो दुर्बिणीत. दर गुरुवारी तपासायला घ्यावी तर फुली डावीकडे दोन अंश फिरलेली. दर गुरुवारी हा ती सरळ करी, कडी बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी, नवी कडी घाली. पुढच्या गुरुवारी फुली परत फिरलेली. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं तो दुर्बिणीला उद्देशून म्हणाला, आणि सवयीने स्क्रूवरची लाल रेघ बघितली.

रेघ अखंड होती. चारही स्क्रूंवरची. म्हणजे कुलूप जसंच्या तसं आणि घरातला माणूस गायब. ओळंबाने दिवा ओढला, भिंग लावलं. आपली बाटली उघडून काडीचा एक ठिपका कडीच्या बाजूला टेकवला. त्याचा लाल जुना होऊन विटकरी झालेला होता. रेघांचा लाल किंचित गुलाबीकडे झुकलेला होता. कुणीतरी कडी सैल करून दुर्बीण मुद्दाम फिरवली होती, परत आवळली होती, जुनी रेघ पुसून नवी ओढली होती, आणि तीही त्याच्याइतकीच नीट.

त्याच्या कपाळाची शीर उडायला लागली. क्लबात त्याच्या कामाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. आधी त्याला ठकूच्या बरोबरीच्या नेमबाजांचा संशय आला, मग प्रशिक्षकाचा, मग झाडूवाल्याचासुद्धा. तशातही त्याने फुली सरळ केली, आपली रेघ ओढली, रायफल ठकूच्या सरावासाठी ठेवली आणि फणफणत तो दुपारी घरी जेवायला गेला. बायकोने ताट ठेवलं. ताटाच्या काठावर तिची बोटं होती, आणि बोटांवर तो गुलाबीकडे झुकलेला लाल. काखेत कळसा नि गावाला वळसा!

“नवीन नेलपॉलिश?” त्याने विचारलं.

बायको खूश झाली. सव्वीस वर्षांत नवऱ्याने नखांकडे पहिल्यांदाच बघितलं होतं. कसं दिसतं, तिने विचारलं.

“रायफलीवर छान दिसतं,” तो म्हणाला.

बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि ती समोरच्या खुर्चीवर बसली. तिने आढेवेढे घेतले नाहीत. बाटली ठकूने मागितली, तिने दिली. कशाला हवी तेही तिला माहीत होतं. ठकूचं हाड जुळलं ते बोटभर आखूड आणि वाकडं जुळलं होतं, उजवा खांदा खाली उतरला होता. रायफल सरळ धरायची तर तिला खांदा उचलून धरावा लागे, आणि चाळिसाव्या गोळीपर्यंत तो जळायला लागे. रायफल खांद्यावर आपसूक जशी कलते तशी कलू दिली, आणि फक्त दुर्बिणीची फुली सरळ राहील इतकी फिरवून घेतली, तर साठच्या साठ गोळ्या जागेवर पडत. हे ठकूने स्वतःच शोधून काढलं होतं. शुक्रवार ते बुधवार ती उत्तम मारत होती. गुरुवारी मामा सगळं सरळ करून ठेवत होता आणि नेमका त्याच दिवसाचा कागद बघत होता.

मला का सांगितलं नाही, असं तो ओरडलाच. बायको ओरडली नाही.

“तुम्ही तिच्या खांद्याकडे बघता ना, तेव्हाचं तुमचं तोंड तिला बघवत नाही. म्हणून ती म्हणते, बरा झाला. आणि तुम्हीही लगेच मानता, कारण तुम्हाला तेवढंच ऐकायचं असतं.”

ओळंबाने ताट सरकवलं. आता खरं सांगायचं तर त्या घडीला त्याला वाईट वाटलं नव्हतं, राग आला होता. आपल्या हातचं काम आपल्याच घरातल्या दोन बायकांनी महिनाभर उलटंपालटं केलं, आणि आपण मूर्खासारखे कड्या बदलत बसलो. बस धरून तो तडक क्लबात आला, चांगलं खडसवायचं ठरवून. ठकू सराव करत होती. तो तिच्या मागे, काचेपलीकडे उभा राहिला. एरवी तो तिथून रायफल बघत असे. आज त्याने पहिल्यांदा नुसती पाठ बघितली. डावा खांदा होता तिथे होता. उजवा बोटभर खाली, आणि प्रत्येक गोळीआधी ती तो कष्टाने वर ओढत होती, कारण सकाळीच मामाने सगळं परत सरळ करून ठेवलं होतं. पंचेचाळिसाव्या गोळीनंतर तिने रायफल खाली ठेवली, कपाळ चटईला टेकवलं आणि डाव्या हाताने खांदा दाबून धरला. मग मान उचलून परत सुरू झाली. काचेमागे ओळंबाचे डोळे भरून आले. लहानपणी ही पोरगी बूट चावले तरी सांगत नसे, मामाने आणलेत म्हणून. खडसवायचं राहिलं, तो आपल्या खोलीत जाऊन बसला.

शुक्रवारी सकाळी त्याने ठकूला खोलीत बोलावलं. शिकंजा बाजूला सरकवला होता आणि जमिनीवर चटई अंथरली होती. गोळी सुटूच नये म्हणून बोल्ट काढून टेबलावर ठेवलेला. पालथी पड, रायफल खांद्याला लाव, असं त्याने सांगितलं. तिने लावली. रायफलीच्या पाठीवर पाणसळ ठेवली होती, बुडबुडा अगदी मधोमध.

“सरळ धरू नकोस,” तो म्हणाला. “डोळे मीट आणि तुला हवी तशी धर.”

ती घुटमळली. त्याच्याकडे मान वळवून बघायला लागली, तेव्हा त्याने लाल रेघेवर बोट ठेवलं. ठकूचा चेहरा उतरला. तिने डोळे मिटले, एक श्वास सोडला, आणि खांदा आपल्या जागी गेला. रायफल हळूच उजवीकडे कलली. बुडबुडा मधल्या खुणांतून निघाला आणि डावीकडे जाऊन थांबला. ओळंबाचा हात आपोआप पुढे झाला. अठ्ठावीस वर्षांची सवय, जित्याची खोड. त्याने तो हात मागे घेऊन खिशात घातला.

“ठकू, कुत्रं नव्हतं आडवं आलं,” तो म्हणाला. “मी पाटी बघत होतो. त्या लोखंडी सामानाच्या दुकानाची. एका बाजूने उतरली होती. मी तिच्याकडे बघत राहिलो आणि खड्डा आला.”

तिने डोळे उघडले नाहीत.

“माहीत आहे मामा. ‘बघ, पाटी कशी लावलीय मूर्खांनी’ असं तू मागे वळून मलाच सांगितलंस. तेवढ्यात पडलो आपण.”

दीड वर्ष तिला माहीत होतं. दीड वर्ष ती येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच्याच शब्दांत सांगत होती की कुत्रं आडवं आलं, वर ते काळं होतं असंही सांगत होती. ओळंबा बादलीशेजारी स्टुलावर बसला आणि चष्मा पुसायला लागला. शेवटी ठकूच म्हणाली की आता रडणार असशील तर रायफल खाली ठेवते, हात भरून आलाय.

मग त्याने काम केलं. चासीतली बैठक तशीच ठेवली, तिच्यात खोट नव्हतीच. दस्त्याच्या टोकाची खांद्याला टेकणारी पट्टी त्याने सैल केली, ठकूच्या खांद्याच्या उताराला फिरवली आणि आवळली. दुर्बिणीची कडी सैल केली. ती कलत्या रायफलीतून भिंतीवरचा काळा दोरा बघत होती, तो दुर्बीण केसाकेसाने फिरवत होता. अजून, अजून, जरा मागे, बस्स, असं ती म्हणाली तिथे त्याने पाना लावला. कट्. सगळ्यात शेवटी त्याने छोटी पाणसळ रायफलीवर न लावता दुर्बिणीवर चिकटवली. रायफल कशीही कलू दे, फुली सरळ असली की बुडबुडा मधोमध. लाल रेघा त्याने घरून आणलेल्या नव्या बाटलीतल्या ओढल्या. शनिवारी तीनशे मीटरवर नेम परत जुळवून घेतला. पन्नास गोळ्यांनंतरही ठकूने खांदा दाबला नाही, एवढंच त्याने बघितलं. कागद बघायला तो विसरला.

रविवारी गर्दी होती. दुसऱ्या एका क्लबचा मिस्त्री आला होता. जाड चष्म्याचा, ओळंबाशी वीस वर्षांची चुरस असलेला. ठकू चटईवर पडली, रायफल खांद्याला लागली, आणि त्या चष्म्यातून तो कल सुटणं शक्यच नव्हतं. तो चार माणसांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला की अहो ओळंबा, तुमच्या घरचीच रायफल कलंडली की, आता कुठलं अंगण वाकडं म्हणणार? दोघं-तिघं हसले. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चौकटी मोजल्या, त्याला भर मैदानात हे ऐकून घ्यावं लागलं. त्याचे कान लाल झाले. दुर्बीण, फुली, दोन अंश, सगळं समजावून सांगता आलं असतं, आणि एरवी त्याने अर्धा तास सोडला नसता.

“तिच्या मापाची आहे,” तो एवढंच म्हणाला आणि समोर बघत राहिला.

पहिल्या वीस गोळ्यांना ठकू सहावी होती. चाळिसाला पाचवी. चाळिसाच्या पुढे ओळंबाने फलकाकडे बघणं सोडून दिलं. तो तिचा उजवा खांदा बघत होता. तो होता तिथे होता, खाली, निवांत. तिच्या डाव्या-उजव्या बाजूचे नेमबाज आता दमायला लागले होते. एकाने दोनदा रायफल खाली ठेवून हात झटकले. ठकू मात्र रोजची हजेरी लावावी तशी एकामागून एक मारत गेली. साठावी सुटली तेव्हा प्रशिक्षक फलकाकडे धावला आणि तिथून त्याने चार बोटं वर केली. चौथी. एका गुणाने. ओळंबाला ते नीट दिसलं नाही, शेजारच्याला विचारावं लागलं. विचारलं ते नेमकं जाड चष्मेवाल्याला. त्याने सांगितलं आणि वर पाठीवर एक जोरदार थापही दिली, हे त्याचं मोठेपण.

मैदानाच्या दारात मामी स्कूटर घेऊन उभी होती. तिने चादर काढून, हवा भरून, कुणाकडून तरी चालू करून आणली होती. आज बसने जायचं नाही, असं तिने जाहीर केलं आणि स्वतः मात्र बसने जायला निघाली. ओळंबाने किल्लीला हात लावला नाही. ठकूने किल्ली लावली. तो मागे बसला, एवढा मोठा माणूस, दोन्ही हातांनी मागचा दांडा पकडून. स्कूटर निघाली. त्याच्या डोळ्यांसमोर तिचे दोन खांदे होते, उजवा बोटभर खाली, आणि या वेळी त्याने तोंड फिरवलं नाही. लोखंडी सामानाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर ठकूने वेग कमी केला, खड्डा चुकवला आणि पुढे गेल्यावर मान जराशी वळवून विचारलं,

“मामा, पाटी सरळ केली का रे त्यांनी?”

“बघितलं नाही,” तो म्हणाला. “तू पुढे बघ.”